वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने आखलेला पाइप

मोठ्या रासायनिक कारखान्यात पाइप बसवायचा म्हटलं की त्याचं ड्रॉइंग निघतं, ड्रॉइंगला नंबर पडतो आणि खाली कोपऱ्यात कुणाची तरी सही येते. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या कारखान्यात मार्च १९७४च्या अखेरीस बसवलेल्या एका पाइपचंही ड्रॉइंग होतं. फक्त ते कागदावर नव्हतं. वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने, खऱ्या मापात काढलेलं होतं. दोन महिन्यांनी, १ जून १९७४च्या शनिवारी दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास, तो पाइप जागेवरून सुटला. सायक्लोहेक्झेन या ज्वालाग्राही द्रवाच्या वाफेचा मोठा ढग बाहेर पडला, त्याला आग मिळाली, आणि स्फोटात कारखान्यातली २८ माणसं मेली.

कारखान्यात बदल करण्याआधी तो तपासायची जी शिस्त आहे, तिला आज बहुतेक ठिकाणी ‘एमओसी’, म्हणजे मॅनेजमेंट ऑफ चेंज म्हणतात. तिच्या प्रशिक्षणात फ्लिक्सबरो हमखास येतं, पण ‘चुकीचा पाइप बसवला’ एवढ्यावर गोष्ट संपते. मला ती तेवढी वाटत नाही. पाइप बसायच्या आधी तिथे दोन बदल होऊन गेले होते, आणि त्यांना बदल म्हणावं असं कुणालाच वाटलं नव्हतं.

कारखाना आणि त्यातल्या सहा टाक्या

फ्लिक्सबरो हे ट्रेंट नदीकाठचं, स्कनथॉर्पजवळचं गाव. तिथल्या नायप्रो कंपनीत नेदरलँड्सची डच स्टेट माइन्स आणि ब्रिटनचं नॅशनल कोल बोर्ड भागीदार होते. माल कॅप्रोलॅक्टम, म्हणजे नायलॉनचा कच्चा माल. आधी तिथे फिनॉलपासून सायक्लोहेक्झॅनोन आणि त्यापासून पुढे कॅप्रोलॅक्टम बनायचं. १९७२मध्ये कारखाना वाढवला, वर्षाला २० हजार टनांची क्षमता ७० हजार टनांवर गेली आणि पद्धतही बदलली. आता गरम सायक्लोहेक्झेनमधून हवा सोडून त्याचं ऑक्सिडेशन करायचं, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग घडवायचा, आणि त्यातून सायक्लोहेक्झॅनोन मिळवायचं.

यासाठी सहा रिॲक्टर एका ओळीत उभे होते. प्रत्येक रिॲक्टर आधीच्यापेक्षा १४ इंच खाली, म्हणजे द्रव पंपाशिवाय आपल्या वजनानेच एकातून दुसऱ्यात वाहत जाईल. दोन रिॲक्टरांमध्ये २८ इंच व्यासाची आखूड नळी, आणि तिच्यात बेलोज. बेलोज म्हणजे हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्यांचा धातूचा तुकडा. रिॲक्टर तापले की फुगतात, सरकतात. ती हालचाल या घड्या सामावून घेतात.

तापमान १५५ अंश सेल्सिअस, दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ८.८ किलो. सायक्लोहेक्झेन मोकळ्या हवेत ८१ अंशांना उकळतं. म्हणजे या टाक्यांतला द्रव केवळ दाबामुळे द्रव राहिलेला. दाब गेला की त्याचा मोठा हिस्सा क्षणात वाफ होणार, आणि ही वाफ पेट घेणारी. प्रत्येक फेरीत सायक्लोहेक्झेनचा थोडाच भाग बदलतो, उरलेलं पुन्हा फिरवावं लागतं, त्यामुळे प्लांटमध्ये एका वेळी असा माल ढिगाने असायचा.

आधीचे दोन बदल

पहिला बदल पाण्याचा. पाच नंबरच्या रिॲक्टरजवळ बारीक गळती होती, आणि गळणारी वाफ विरळ करायला तिच्यावर कूलिंगचं पाणी सोडलं जाई. गळतीवर पाणी सोडणं हे प्लांटमधल्या माणसाला इतकं साहजिक वाटतं की त्यासाठी परवानगी मागावी हे डोक्यातही येत नाही. पण या पाण्यात नायट्रेट नावाचे क्षार होते. गरम पत्र्यावर पाणी उडून जायचं, नायट्रेट मागे राहायचे आणि हळूहळू घट्ट होत जायचे. रिॲक्टरचं बाहेरचं कवच अर्धा इंच जाडीच्या साध्या पोलादाचं, आतून स्टेनलेस स्टीलचं अस्तर. ताणाखाली असलेल्या साध्या पोलादाला नायट्रेटमुळे तडे जातात, ही धातुशास्त्राला माहीत असलेली गोष्ट होती. गळतीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ती माहीत असण्याचं कारण नव्हतं.

दुसरा बदल एका रिकाम्या खुर्चीचा. कारखान्याचे वर्क्स इंजिनिअर, म्हणजे यांत्रिक कामांचे प्रमुख, १९७४च्या सुरुवातीला नोकरी सोडून गेले होते आणि मार्च संपत आला तरी जागा भरलेली नव्हती. कामं तुंबू नयेत म्हणून समन्वयाची जबाबदारी विद्युत विषयात शिकलेल्या एका सहकाऱ्याकडे दिली होती. कष्टात, अनुभवात कुणी कमी होतं असं नाही. पण दाबाखालच्या पाइपांवर कोणते ताण येतात याचं व्यावसायिक शिक्षण घेतलेला एकही मेकॅनिकल इंजिनिअर त्या दिवसांत कारखान्यात नव्हता. व्हॉल्व्ह काढला तर पाइपात भोक दिसतं. माणूस गेला तर पगारपत्रकातली एक ओळ कमी होते आणि प्लांट तसाच चालू राहतो.

चार दिवस

२७ मार्चला पाच नंबरच्या रिॲक्टरमधून सायक्लोहेक्झेन गळताना दिसलं. प्लांट थांबवून पाहिलं तर कवचाला सुमारे सहा फूट लांबीचा तडा. रिॲक्टर जागेवर दुरुस्त होण्यासारखा नव्हता. बैठक बसली आणि ठरलं ते असं : पाच नंबर काढून टाकायचा, चार आणि सहा एका बायपास पाइपने जोडायचे आणि पाच रिॲक्टरांवर उत्पादन सुरू करायचं.

ही कल्पना मुळातच वेडेपणाची नव्हती, हे आधी सांगायला हवं. नीट रचलेला, नीट आधार दिलेला बायपास अनेक वर्षं चालू शकतो. गडबड निर्णयानंतरच्या प्रश्नांत झाली, किंवा न पडलेल्या प्रश्नांत म्हणा. तडा कशामुळे गेला? त्याच पोलादाचे, त्याच दाबाखालचे उरलेले पाच रिॲक्टर उघडून तपासायचे का? त्याचं उत्तर मिळण्याआधीच प्लांट सुरू करायची तयारी लागली. सगळ्यांचं लक्ष पाइपवर होतं.

कारखान्यात २८ इंची पाइप हाताशी नव्हता, २० इंची होता. चारचं तोंड आणि सहाचं तोंड एका पातळीत नव्हतं, त्यामुळे सरळ पाइप चालणार नव्हता. तीन तुकडे तिरके कापून वेल्ड केले आणि मधे दोन वळणं असलेला, कुत्र्याच्या मागच्या पायासारखा वाकडा पाइप तयार झाला. दोन्ही टोकांना जुने बेलोज तसेच ठेवले. पाइप परांचीच्या नळ्यांवर टेकवला. नळ्यांनी त्याचं वजन पेलायचं होतं. तो वर किंवा बाजूला सरकला तर अडवायला काही नव्हतं.

हिशेब केला होता, ही या प्रकरणातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट आहे. २० इंची पाइपातून पुरेसा द्रव जाईल का हे पाहिलं होतं. पाइपचा पत्रा दाब सोसेल का, हेही पाहिलं होतं, आणि उत्तर ‘हो’ आलं होतं. पण ते सरळ पाइपचं उत्तर होतं. आकडेमोड कुठे चुकली नव्हती. गणितच दुसऱ्या पाइपचं होतं.

न केलेलं पाच मिनिटांचं गणित

बेलोज म्हणजे भाता. आत दाब भरला की त्याला लांब व्हायचं असतं. २८ इंच व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ३,९७० चौरस सेंटिमीटर येतं. त्याला ८.८ने गुणा, जवळपास ३५ टन होतात. घड्यांचा घेर तोंडापेक्षा मोठा असतो, तो धरला की हा जोर सुमारे ३८ टनांवर जातो.

मूळ रचनेत हा जोर कुठे जायचा? दोन रिॲक्टरांमध्ये सरळ, आखूड नळी. जोर एका रेषेत, दोन्ही बाजूंनी सारखा, आणि रिॲक्टर पायावर घट्ट बसलेले. काहीच हलत नाही. आता मधे वाकडा पाइप आला. त्याच्या एका टोकाला ३८ टन एका दिशेने, दुसऱ्या टोकाला ३८ टन उलट दिशेने, आणि या दोन रेषांमध्ये १४ इंचांचं, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटरचं अंतर. एका रेषेतले जोर एकमेकांना मारतात. अंतर असलेले जोर वस्तू फिरवतात. इथे फिरवणारा जोर तेरा टन-मीटरच्या आसपास येतो. तो जाणार कुठे? वेल्ड केलेल्या तिरक्या सांध्यांत आणि बेलोजमध्ये, आणि बेलोजना तर लांबीच्या दिशेची हालचाल झेलायची सवय; आडवं कातरणारा जोर त्यांच्यासाठी नाहीच. बेलोज बनवणाऱ्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत हे लिहिलेलं होतं, पाइपांच्या ब्रिटिश मानकातही याबद्दल तरतुदी होत्या. कुणी उघडून पाहिलं नाही.

शाळेत बल आणि त्याचं आघूर्ण शिकलेल्या कुणालाही हे गणित जमतं. पण ते करायला हवं हे कळण्यासाठी बेलोज काय करतो हे आधी माहीत असावं लागतं.

मग चाचणी झाली. नायट्रोजन भरून सुमारे ९ किलोपर्यंत दाब दिला. सुरुवातीला एक गळती सापडली, ती बंद करून पुन्हा तपासलं. त्या सर्किटचे सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र ११ किलोला उघडणार होते. म्हणजे प्लांट स्वतःला जितका दाब चढू देणार होता, तेवढा या पाइपवर चढवून पाहिलाच नाही. पाण्याने जास्त दाबाची चाचणी घेतली असती तर पाइप बहुधा तिथेच निसटला असता आणि जमीन ओली झाली असती. दाबलेल्या वायूत साठलेली ऊर्जा प्रचंड असते, पाण्यात नसते, म्हणून अशी चाचणी शक्यतो पाण्याने करतात. इथे जी झाली ती गळती शोधणारी चाचणी होती. मजबुतीची नव्हे.

१ एप्रिलला प्लांट सुरू झाला.

दोन महिने, आणि एक शनिवार

पाइप दोन महिने टिकला. तात्पुरत्या कामांचा खरा धोका इथे असतो, असं मला वाटतं. लगेच कोसळलेलं काम दुरुस्त होतं. चाललेलं काम पुरावा होऊन बसतं : ‘चालतंय की!’ मग परांचीवरचा वाकडा पाइप रोजच्या दृश्याचा भाग होतो आणि नवा माणूस आला तर त्याला तो मूळचाच वाटतो.

२९ मेला एका साइट ग्लासच्या, म्हणजे आतला द्रव बाहेरून दिसावा म्हणून बसवलेल्या काचेच्या, व्हॉल्व्हमधून गळती दिसली म्हणून प्लांट पुन्हा थांबवला. दुरुस्ती झाली आणि १ जूनच्या पहाटे पुन्हा सुरू करायला घेतला. सुरू करताना दाब सांभाळायला नायट्रोजन लागतो, आणि त्या दिवशी जास्त दाबाचा नायट्रोजन पुरेसा नव्हता; नवा साठा मध्यरात्रीनंतर मिळायचा होता. नायट्रोजन तुटपुंजा असताना चढलेला दाब बाहेर सोडून द्यायला ऑपरेटर सहसा राजी नसतो. दाब नेहमीपेक्षा थोडा वर गेला, पण सेफ्टी व्हॉल्व्हच्या आकड्याच्या बराच खाली. नेहमीच्या रचनेत याची दखलही कुणी घेतली नसती.

शेवटच्या तासाभरात नेमकं काय घडलं हे सांगायला कुणी उरलं नाही. २८ मृतांपैकी १८ जण कंट्रोल रूममध्ये होते. खोली प्लांटला लागून, काचेच्या खिडक्यांची. काचा आत आल्या आणि छत खाली. दाबाच्या, तापमानाच्या नोंदी तिथेच नष्ट झाल्या. बायपास पाइप नंतर खाली सापडला, चाकू मिटावा तसा सांध्यात दुमडलेला. दोन्ही रिॲक्टरांची २८ इंची तोंडं उघडी पडली होती. कारखान्यात ३६ जण जखमी झाले, बाहेरच्या ५३ जणांच्या जखमांची नोंद झाली, आणि आजूबाजूच्या १,८२१ घरांचं आणि १६७ दुकानांचं, कारखान्यांचं नुकसान झालं. शनिवार होता म्हणून ऑफिसची इमारत रिकामी होती. कामाचा दिवस असता तर मृतांचा आकडा कितीतरी मोठा झाला असता.

चौकशी

रॉजर पार्कर यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी न्यायालयाने ७० दिवस सुनावणी घेतली आणि १९७५मध्ये अहवाल दिला. निष्कर्ष असा : मूळ प्लांट चांगला रचलेला होता, पुरेसा विचार न करता केलेल्या फेरफाराने त्याची सुरक्षितता गेली. बायपास फुटण्याआधी जवळच्या ८ इंची पाइपला भेग पडली असावी, असाही एक सिद्धांत मांडला गेला होता. न्यायालयाने तो फेटाळला. रिॲक्टरमध्ये साचलेलं पाणी अचानक उकळून दाब उसळला असावा, असं मानणारे तज्ज्ञ पुढेही होते. हा वाद तांत्रिकदृष्ट्या मोलाचा आहे. आपल्या प्रश्नाला त्याने फारसा फरक पडत नाही, कारण धक्का कुठूनही आलेला असो, तो सोसायची ताकद त्या पाइपमध्ये नव्हती यावर दुमत नव्हतं.

चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. स्थानिक प्रशासनाने ज्वालाग्राही द्रवांच्या साठ्याला दिलेली परवानगी काही हजार गॅलनांची होती. प्रत्यक्षात आवारात लाखांनी गॅलन होते. कारखाना वाढला, साठा वाढला, कागद जुनाच राहिला. हाही एक बदलच, आणि त्याचीही कुठे नोंद नव्हती.

फॉर्म भरला असता तर?

अमेरिकेतल्या ओशा या सरकारी यंत्रणेने १९९२मध्ये काढलेल्या प्रक्रिया-सुरक्षेच्या नियमांत एमओसी कायद्याचा भाग आहे. बदल करण्याआधी पाच गोष्टींचा विचार लेखी व्हायला हवा : बदलाचा तांत्रिक आधार, सुरक्षिततेवर होणारा परिणाम, कामाच्या पद्धतीत करावे लागणारे फेरफार, बदल किती काळासाठी आहे, आणि मंजुरी कुणाची. प्लांट सुरू करण्यापूर्वी तिथे काम करणाऱ्यांना बदल समजावून सांगायचा, ड्रॉइंग आणि सूचना दुरुस्त करायच्या. सूट एकाच कामाला : जसाच्या तसा भाग बदलणं. तोच आकार, तोच धातू, तेच डिझाइन.

या चाळणीत फ्लिक्सबरोचा पाइप घालून पाहू. २८च्या जागी २०, सरळच्या जागी वाकडा, पक्क्या रचनेच्या जागी परांची. जसाच्या तसाची सूट पहिल्याच नजरेत बाद. ‘किती काळासाठी’ या रकान्यापाशी पेन थबकलं असतं, कारण दुरुस्त झालेला किंवा नवा रिॲक्टर कधी येणार याचा विचार तिथे करावा लागला असता. तारीख लिहिली की ती उलटल्यावर कुणीतरी विचारतं. ‘तात्पुरतं’ एवढंच लिहिलं की कुणी विचारत नाही.

पण ‘तांत्रिक आधार’ या रकान्यात काय आलं असतं? मला वाटतं, हेच : २० इंची पाइपातून प्रवाह पुरेसा, पत्र्याची जाडी पुरेशी, चाचणी झाली. तिन्ही उत्तरं प्रामाणिक आणि तिन्ही बरोबर. खाली सही, आणि फॉर्म फाइलमध्ये. भरणाऱ्याला जे माहीत नाही ते कुठलाही फॉर्म त्याच्या तोंडून काढून घेत नाही. म्हणून या प्रकरणात मी पाइपपेक्षा रिकाम्या खुर्चीला जास्त दोष देतो. वर्क्स इंजिनिअर गेले त्या दिवशीच एक एमओसी व्हायला हवी होती, आणि तिचा प्रश्न होता : आजपासून या कारखान्यात दाबाखालच्या पाइपच्या ड्रॉइंगवर सही करायला पात्र माणूस कोण? उत्तर ‘कुणी नाही’ असं आलं असतं, तर त्यातून पुढचं आपोआप निघालं असतं : तोवर अशी कामं इथे करायची नाहीत, बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायची. भागीदार कंपन्यांकडे इंजिनिअरांची वानवा नव्हती.

संस्थेतल्या बदलांची एमओसी आज काही उद्योगांत होते, बऱ्याच ठिकाणी होत नाही. पदं कमी करताना, शिफ्टमधली माणसं घटवताना, अनुभवी माणूस निवृत्त होताना एचआरचा फॉर्म भरला जातो, तेवढं पुरे मानलं जातं. पाइप जोडणाऱ्या फ्लँजचा एक बोल्ट बदलायला तीन सह्या लागतात अशा प्लांटमध्येही.

पाण्याच्या बाबतीत मात्र माझ्याकडे इतकं सोपं उत्तर नाही. गळतीवर पाणी मारण्याआधी फॉर्म भरा, असं शिफ्टमधल्या माणसाला सांगणं मूर्खपणाचं ठरेल. फार तर इतकं म्हणता येईल : पहिल्या तासाला पाणी ही तातडीची उपाययोजना असते, तेच पाणी दिवसेंदिवस चालू राहिलं की ती प्लांट चालवण्याची नवी पद्धत झालेली असते. ती रेषा ओलांडल्याचं एखाद्या शिफ्टच्या लॉगबुकात दिसायला हवं, म्हणजे ‘हे कोणतं पाणी आहे?’ असं विचारायला कुणाला तरी कारण मिळेल.

पुढे कारखाना पुन्हा उभारला, पण सायक्लोहेक्झेनचं ऑक्सिडेशन परत आणलं नाही. सायक्लोहेक्झॅनोन पुन्हा फिनॉलपासून बनू लागलं, १९७२च्या आधीसारखं. फिनॉल अर्थात दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यातून यायचं होतं, आणि ते बनवण्याच्या प्रचलित पद्धतीत क्युमीन या ज्वालाग्राही द्रवातून गरम अवस्थेत हवा सोडून त्याचं ऑक्सिडेशन करावं लागतं.